मिसळणाच्या डब्यातली क्रियापदं

"उषा मावशी, लवकर या! चोर सापडली!"

यतीनची आरोळी इंदूरच्या स्नेहलतागंजमधल्या त्या तिमजली इमारतीच्या प्रत्येक खिडकीत पोचली. सकाळचे आठ वाजले होते. उषाबाई टेंब्यांनी हातातला चहा ओट्यावर ठेवला आणि त्या तडक समोरच्या बिऱ्हाडात गेल्या.

दारात सुनीता उभी होती. इमारतीत आणि गल्लीतल्या आणखी तीन घरांत धुणंभांडी करणारी सुनीता. तिच्या हातात प्लास्टिकची फुगलेली पिशवी होती आणि यतीनने तिची वाट अडवली होती.

"आत्याचे सगळे तुकडे या पिशवीत आहेत," यतीन म्हणाला. "रंगे हाथ पकडली. मी पोलीस थान्यात फोन केलाय, एका तासात येतात. आणि तिच्या बाकीच्या तिन्ही घरी पण सांगून टाकलं, की हिला आत घेऊ नका."

"सांगूनही टाकलं? चौकशी न करता?"

"चौकशी काय करायची, मावशी? माल हातात आहे!"

उषाबाईंचं डोकं तापलं. स्टेशनच्या पार्सल ऑफिसात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. कुणाचंही सामान हरवलं की पहिला आळ हमालावर यायचा आणि माल बहुतेक वेळा साहेबाच्या केबिनमध्ये सापडायचा. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची ही हौस त्यांना आजही सहन होत नसे.

आत शैलजाताई खुर्चीत खिळल्यासारख्या बसल्या होत्या. यतीनची ही आत्या गेली सव्वीस वर्षं याच खोलीत इटालियन शिकवत होती. क्रियापदाचं एकेक रूप जाड पुठ्ठ्याच्या पट्टीवर लिहायचं आणि जिथे शब्दाचा अवयव तुटतो तिथे कात्रीने कापायचं, ही त्यांची पद्धत. कोन-दु-को. त्रा-दु-को. प्रो-दु-को. "आपल्याकडे एका 'नी' धातूतून विनय, प्रणय, परिणय निघाले ना," त्या मुलांना सांगायच्या, "तसंच तिकडे लॅटिनचा दूकेरे, म्हणजे नेणे. पुढचा तुकडा बदला, मधला 'दु' तोच." असे तीन हजारांवर तुकडे. अलीकडे लिहिताना त्यांचा हात थरथरायचा, त्यामुळे ते पुन्हा लिहून होणार नव्हते.

टेबलावर मिसळणाचे स्टीलचे अकरा डबे उघडे पडले होते. वाट्या रिकाम्या, एकही तुकडा नाही.

उषाबाईंनी सुनीताला आत घेतलं आणि दार लावलं.

"सुनीता, पिशवी कुठे मिळाली?"

"जिन्याखाली, ताई. सूख्या कचऱ्याच्या डब्यात. कचरागाडीचं गाणं ऐकू आलं म्हणून मी डबा बाहेर नेत होते. पिशवी जड लागली, तर खोलून बघितली. शैलजाताईंचे कागद! मी तर वापस आणत होते. गाडीत गेले असते ना सगळे!" तिचा आवाज चढला. "वाचवले मी, आणि चोर पण मीच?"

"झूठ!" यतीन म्हणाला. "मागच्या हफ्त्यात आत्या हिला रागावली होती. त्याचा बदला."

"बदला घेणारी बाई वस्तू कचऱ्यात टाकेल आणि स्वतःच काढून वर घेऊन येईल? बरं, चोरी म्हणशील, तर अकरा स्टीलचे डबे इथेच ठेवून पुठ्ठा नेईल? भंगारवाल्याला विचार जरा, कशाला जास्त भाव आहे ते. उचलली जीभ लावली टाळ्याला."



उषाबाईंनी पिशवी टेबलावर ओतली. तुकडे सुटे नव्हते. तीन-तीन, चार-चार तुकड्यांच्या शेकडो जुड्या होत्या, प्रत्येक जुडीला पांढरा दोरा. त्यांनी एक जुडी शैलजाताईंपुढे धरली.

"हे काय आहे?"

"कोन-दोत-तो," शैलजाताई पुटपुटल्या. "बरोबर लावलंय. हे रि-दु-को. हेही बरोबर. उषा, हे कुणीतरी जुळवून ठेवलंय."

"डब्यात असेच असतात?"

"नाही गं. एका वाटीत सगळे 'कोन', एकीत सगळे 'दु'. मुलांनी दर वेळी नव्याने जुळवायचे. ही सुनीताचीच कल्पना. लॉकडाउन उठल्यावर क्लास पुन्हा सुरू झाला तेव्हा ती म्हणाली, ताई, मोहरी-जिरं राहतं तसं वाट्यांत ठेवा. तेव्हापासून असंच."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी काय, असंच दोऱ्याने..." शैलजाताईंना रडू फुटलं आणि वाक्य अर्धंच राहिलं.

उषाबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "काल कोण कोण आलं होतं?"

"दुपारी निशांत. संध्याकाळी अनुश्री. पुण्याहून आलीये, स्टेशनजवळ हॉटेलात उतरलीये. माझी जुन्या बॅचची मुलगी. माझं डोकं दुखत होतं, म्हणून मी पडले होते. ती इथे बसून जुनी पुस्तकं चाळत होती. आज सकाळी सातलाच पोहे-जिलबी घेऊन आली बिचारी. आत्ता स्वयंपाकघरात चहा करतेय. डबे रिकामे दिसले, ते ती आल्यावरच."

निशांतला फोन करून बोलावलं. तो सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि वर्षभरापासून क्लासला येत होता. दहा मिनिटांत धापा टाकत आला.

"तुला या तुकड्यांचं ॲप करायचं होतं ना?" उषाबाईंनी विचारलं.

"हो. ताई नाही म्हणाल्या. बात खतम."

"राग आला?"

"आला ना! पण फोटो काढायचे असते तर मी क्लासमध्येच काढले असते, रोज थोडे. उचलून कशाला नेणार? मतलब, मी पागल आहे का?"

"हाच आहे!" यतीनला नवा चोर मिळाला होता. "इटालियन येतं, ॲप पाहिजे होतं. सुनीता, तू जा, तुझं झालं."

"झालं?" सुनीता जागची हलली नाही. "तीन घरी फोन केले तुम्ही, यतीन भिया. झालं कसं?"

अनुश्री चहाचा ट्रे घेऊन आली. पस्तिशीची, गोड आवाजाची. "मावशी, पोलीस कशाला? तुकडे मिळाले ना. जाऊ द्या ना. ताईंना त्रास नको."

"बरोबर," उषाबाई म्हणाल्या. "पोलीस यायच्या आत सगळं आवरून ठेवू." त्यांनी दहा-बारा जुड्या भराभर सोडल्या आणि तुकडे कालवले. शिवणाच्या डब्यातलं दोऱ्याचं रीळ काढून तेही टेबलावर ठेवलं. "बसा दोघं. आवरा."

निशांतने डबा ओढला आणि तुकडे निवडून वाट्यांत टाकू लागला. अनुश्री शैलजाताईंची समजूत घालत होती. "रडू नका हो ताई, मी आहे ना," असं म्हणता म्हणता तिच्या बोटांनी प्रो, दु, को एकावर एक ठेवले, रिळाचा दोरा तोडला, दोन वेढे घेतले आणि टोक खालून काढून अर्धा फासा मारला. मग दुसरी जुडी. मग तिसरी.

उषाबाईंनी तिचं मनगट धरलं.

"बस कर. ही गाठ कुठे शिकलीस?"

अनुश्रीने हातातल्या जुडीकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला.

"मी सांगते," उषाबाई म्हणाल्या. "एकतीस वर्षं मी गाठी पाहिल्यात. पिशवीतली प्रत्येक गाठ हीच आहे, दोन वेढे आणि अर्धा फासा. फेकायची वस्तू कुणी बांधून फेकतं का? नाही. पण डबे येण्याआधी या क्लासची रीतच होती. आपापले शब्द दोऱ्यात बांधून दिल्याशिवाय शैलजा कुणाला घरी सोडायची नाही. खरं ना गं?"

शैलजाताईंनी मान हलवली.

"सुनीताला ही रोमन लिपी वाचता येत नाही, ती शब्द जुळवणार कसे? यतीनला इटालियनचा गंध नाही. निशांतला फक्त वाट्या माहीत. दोऱ्याची सवय जुन्या बॅचच्या हातालाच असणार, आणि काल या खोलीत जुन्या बॅचचं एकच माणूस एकटं बसलं होतं. तू तुकडे हॉटेलात नेलेस. शब्द जुळवलास, फोटो काढलास, आणि झालेला शब्द बाकीच्यांत मिसळू नये म्हणून बांधून बाजूला ठेवलास. हात आपलं शिकलेलं करत गेले, तुला कळलंही नाही."

"पण मग इथेच कशाला टाकेल?" यतीनने विचारलं.

"स्वच्छतेत पहिला नंबर लावणाऱ्या इंदुरात रस्त्यावर पिशवी टाकून बघ, चार जण मागे धावतील. हॉटेलात टाकली तर कुणी उघडून परत करेल. इथे मात्र रोज आठच्या आत गाडी येते आणि पुरावा जातो. सापडलीच, तर आळ घ्यायला कामवाली आहेच. हो ना?"

निशांत फोनमध्ये काहीतरी शोधत होता. त्याने तो सगळ्यांसमोर धरला. पुढच्या महिन्यात अनुश्रीचा ऑनलाइन कोर्स सुरू होत होता. 'एका धातूपासून शंभर क्रियापदं: माझी स्वतःची तुकडे-पद्धत.'

"ताई, तुम्ही कधी छापलंच नाही," अनुश्री एकदम रडत म्हणाली. "वाया जात होतं इथे!"

"मागितलं असतंस तर दिलं असतं," शैलजाताई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज फुटला. "आणि इतका वेळ ही पोर इथे चोर म्हणून उभी होती, तेव्हा तू चहा ढवळत होतीस? लाज नाही वाटली? ऊठ माझ्या घरातून!"

"थांबेल ती," उषाबाई म्हणाल्या. "पोलीस येतच आहेत. यतीन, फोन काढ. तिन्ही घरं लाव, आणि स्पीकरवर."

पहिल्या घरच्या बाई म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत, पाठवून द्या. दुसऱ्या म्हणाल्या, आम्हाला वाटलंच होतं. तिसऱ्या घरात शिवांगी मॅडमनी फोन उचलला. तिथे सुनीता नऊ वर्षं काम करत होती.

"अच्छा, तिने नाही केली? चलो, ठीक है. पण आम्ही आत्ताच दुसरी बाई ठेवली ना. और सच बोलूं तो, एकदा नाव निघालं की मनात राहतंच."

फोन बंद झाला. यतीन जमिनीकडे बघत म्हणाला, "सॉरी, सुनीता."

सुनीताने पदर खोचला. तिचे डोळे कोरडे होते.

"नऊ साल," ती म्हणाली. "तिची पोरगी माझ्या कडेवर मोठी झाली. तुमचा फोन एक मिनिटाचा होता, भिया."

ती टेबलाशी गेली, रिकामा डबा पुढे ओढला आणि शैलजाताईंच्या शेजारी बसून एकेक गाठ सोडायला लागली.

"ताई, यातला 'दु' कोणता ते दाखवा," ती म्हणाली. "पुढच्या वेळी कुणी म्हणालं हिला वाचता येत नाही, तर मला ते पण ऐकायचं नाहीये."