कुंभारीची मऊ भाकरी

सोलापूरजवळच्या कुंभारीत गुन्हा घडला होता. कडक भाकरी मऊ निघाली होती.

तीही सोमवारपासून सलग तीन दिवस. गुप्तहेर उत्कर्षाचा मदतनीस महेश्वर याने एक उचलली. ती रुमालासारखी लोंबली.

"पाचच्या गाडीला दोनशे कडक भाकरी न्हाय गेल्या तर अक्कम्माचं काम सुटलं," भाकरी केंद्राच्या मालकीण केराबाई म्हणाल्या. "भट्ट्या तिच्याच हातात असत्यात."

"मी बटन तेवढं दाबती," अक्कम्मा रडवेली झाली. "सोळा वर्सं झाली की, बाई!"

"दोन्ही भट्ट्या बिघडल्या?" उत्कर्षाने विचारलं.

"न्हाय. नवी कडक देती. जुनीच मऊ," अक्कम्मा म्हणाली.

"पीठ?"

"येकच."

"जुन्या भट्टीशी अक्कम्माचं वैर असणार," महेश्वर कुजबुजला. उत्कर्षा भट्ट्यांवरचे स्क्रीन वाचत होती. नव्या भट्टीच्या सूचनांत शेवटची ओळ होती, 'भाजणी: कडक'. जुनीवर ती ओळच नव्हती.

"ही कुणी पुसली?"

"कदी लिवलीच न्हाय," केराबाई म्हणाल्या. " सोलापुरात भाकरी कडक कर म्हून कोण सांगतं?"

प्रोग्रामवाला अद्वैत धापा टाकत आला. "मॅडम, यांच्या प्रोग्रामला मी हात लावलेला नाही. सगळ्या भट्ट्या वापरतात तो तयार कोड, म्हणजे आमची लायब्ररी, तेवढी सोमवारी अपडेट केली. सुधारणाच आहे! नवशिक्यांच्या भाकरी जळायच्या थांबल्या."

उत्कर्षाने सगळ्यांना पिठाच्या पोत्यांवर बसवलं.

"अक्कम्माचा हात असता तर दोन्ही भट्ट्या बिघडल्या असत्या. फरक एका ओळीचा आहे. ती नसली की लायब्ररी स्वतःच ठरवते. आधी कडक ठरवायची. सोमवारपासून काय, अद्वैत?"

अद्वैत म्हणाला, "मऊ. नव्या गिऱ्हाइकांना तेच बरं पडतं."

"पडत असेल. पण जुन्यांनी तुझ्या भरवशावर ती ओळ लिहिली नव्हती. त्यांच्या पायाखालची सतरंजी तू न सांगता ओढलीस."

अद्वैतने तिथेच बसून दुरुस्ती केली. जुन्या भट्ट्यांना पूर्वीसारखं कडक, मऊ फक्त नव्यांना. पहिली भाकरी निघाली. महेश्वरने ती टेबलावर आपटली. टेबलाचा टवका उडाला. त्याला भरून आलं.

"चल गं, लाग कामाला," केराबाई म्हणाल्या.

अक्कम्मा जागची हलली नाही. "आदी चुकलं म्हना, बाई. मी गप हाय म्हंजे समदं चालतंय, असं धरू नका."

गाडीला दीड तास होता. केराबाईंनी घड्याळ पाहिलं, अद्वैतकडे पाहिलं, छताकडेही पाहिलं.

"चुकलं," त्या म्हणाल्या. "लई चुकलं."

अक्कम्माने बटण दाबलं.