ठुमकीचे फर्मे

खिळा हवा होता, एवढंच. कपाटाचं दार बिजागरीतून निखळून लोंबत होतं. घरात नवरा दिवसभर खिळे ठोकतो आणि बायकोला एका खिळ्यासाठी वणवण, म्हणजे दिव्याखाली अंधारच की! ती पुटपुटत जिना उतरली आणि खाली दुकानात शिरली.

नवरा सरस आणायला बाजारात गेला होता. दुकानात चामड्याचा आणि मेणाचा नेहमीचा वास कोंडला होता. भिंतीवर वरपासून खालपर्यंत लाकडी फर्मे टांगलेले. फर्मा म्हणजे गिऱ्हाइकाच्या पायाचा लाकडी नमुना. त्यावर चामडं ताणायचं आणि बूट शिवायचा. सगळी गल्लीच तिथे पायांच्या रूपाने लटकत असायची. न्हाव्याचे पसरट फर्मे, शाळेतल्या बाईंचे निमुळते, दूधवाल्याचे कुरपं असलेले. पोरांचे पाय सारखे वाढतात, म्हणून दर खेपेला नवं लाकूड कोरत बसत नाहीत. जुन्याच फर्म्यावर चामड्याचा तुकडा ठोकतात. आणि माणूस गेलं की त्याचे फर्मे त्याच दिवशी शेगडीत घालायचे, हा त्या घराण्याचा रिवाज होता. सासऱ्यांनी पाळला, त्यांच्या बापानेही पाळला. का, ते कोणी विचारलं नव्हतं.

खिळ्यांचा डबा हुडकताना तिने बाकाखालचं फडकं उचललं. खाली ठुमकीचे फर्मे होते.

ठुमकी म्हणजे यांची लेक. डावा पाय जरा आपटून चालायची, म्हणून बापाने लाडाने ठेवलेलं नाव. खरं नाव शाळेपुरतं उरलं होतं. ती तापाने गेली त्याला काही वर्षं झाली होती. तिचे फर्मे त्याच दिवशी जाळले असणार, असं आई धरून चालली होती. बरं, नसतील जाळले. बापाचं काळीज आहे, हात धजावला नसेल. पण अंगठ्यापाशी आणि टाचेवर चामड्याचे नवेकोरे तुकडे ठोकलेले होते, आणि खिळ्यांची डोकी अजून चकाकत होती. पाय वाढला होता.

तिने फडकं होतं तसं टाकलं आणि खिळा न घेताच वर आली. संध्याकाळी नवरा जेवायला बसला तेव्हा ती एक अक्षर बोलली नाही. दुःख ज्याचं त्याने आपल्या रीतीने गिळावं, असं तिला वाटलं. तिथेच चुकलं म्हणा हवं तर.

पुढच्या थंडीत आणखी तुकडे चढले. मग त्या फर्म्यांवर बूट शिवले जाऊ लागले; लाल चामड्याचे, बंदांचे. ते तयार झाले की हा माणूस ते उंबऱ्याशी ठेवायचा आणि काही महिन्यांनी परत आत घ्यायचा. त्यांचे तळ झिजलेले असत. डाव्या टाचेला जास्त.

"अहो, तुम्हीच घासता ना ते?" तिने एकदा धीर करून विचारलं.

"मी कशाला घासू?" तो हसला. किती दिवसांनी हसला, आणि हसला तो असा! "पोर चालते, बूट झिजतात. आता अंगठा टोचतोय म्हणते."

"कोण म्हणते?"

त्याने तिच्याकडे असं पाहिलं, जणू वेडी तीच आहे.

वेड घरात राहीना, दुकानभर पसरलं. माप न्हाव्याचं घ्यायचं आणि हात चालायचा लेकीच्या चालीने. प्रत्येक जोड्याची डावी टाच तो जाड करू लागला. न्हावी नवे बूट घालून निघाला आणि गल्लीतली पोरं फिदीफिदी हसायला लागली. एवढा आडदांड बाप्या, मिशांना पीळ भरलेला, आणि चालतोय ठुमकत! तीही खिडकीतून हसली. आणि हसता हसता एकदम थांबली. पाठमोरी ती चाल हुबेहूब लेकीची होती. दोन दिवसांनी शाळेतल्या बाई तशाच गेल्या, मग दूधवाला. आई खिडकीला डोकं टेकून हमसून हमसून रडली. गल्लीच्या टोकापर्यंत तिची पोर जात होती, आणि एकदाही मागे वळून बघत नव्हती.

गिऱ्हाइकं तुटली. नवऱ्याने अन्नपाणी सोडल्यात जमा केलं. फर्मे मांडीवर घेऊन तो बाकावर बसून राही, आणि त्यांना कुरवाळून कुरवाळून त्याच्या बोटांची साल गेली होती. ते आता बाईच्या पायाएवढे झाले होते. तिने एकदा ते उचलून बाजूला ठेवले, तर तळव्याच्या बाजूला बोट रुतल्यासारखं वाटलं. चामडं ओलं असेल, असं तिने स्वतःला बजावलं.

तिची थोरली बहीण भेटायला आली आणि मेहुण्याची दशा बघून हादरलीच.

"अगं, गेली ती गेली. असलेल्या माणसाला तरी वाचव! ते लाकूड घाल शेगडीत."

"ते जीव देतील, ताई."

"आत्ता काय वेगळं करतायत?"

हे मात्र खरं होतं. दुपारी त्याचा डोळा लागला तेव्हा तिने फर्मे त्याच्या मांडीवरून अलगद काढले. सरस तापवायची मोठी शेगडी पेटलेलीच होती. तिने दोन्ही फर्मे निखाऱ्यांवर ठेवले आणि झाकण दाबून धरलं. केस जळल्यासारखा वास सुटला. चामडं जळलं की असाच वास येतो, ते कारागिराच्या बायकोला कोणी शिकवायला नको. लाकूड चरचरलं, मग बारीक कण्हल्यासारखं काहीतरी झालं. ओलं लाकूड बोलतंच. तिने झाकण सोडलं नाही.

तो जागा झाला तोवर राख उरली होती. तिला वाटलं, आता हा अंगावर धावून येईल. पण तो शेगडीपाशी बसला आणि ढसाढसा रडू लागला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिने त्याचं डोकं छातीशी धरलं.

"तेव्हाच जाळायला हवे होते गं," तो हुंदक्यांतून म्हणाला. "त्याच दिवशी. तेव्हा ते नुसतं लाकूड होतं..."

तिने ते ऐकलं आणि सोडून दिलं. कारण नवरा जेवला! अंघोळ करून, दाढी करून, पोटभर जेवला. न्हाव्याला बोलावून त्याने हात जोडून माफी मागितली आणि फुकट नवा जोडा शिवून दिला. "आता जरा पुरुषासारखा चालीन म्हणतो," न्हावी म्हणाला, आणि तिघंही मनमोकळं हसले. तिला वाटलं, सुटलो. माणूस परत मिळाला. त्या आनंदात ती कपाटाच्या दारापाशी उभी राहून एकटीच गुणगुणली होती.

मग एका पहाटे, उजाडता उजाडता, तिला जिन्यावर पावलं ऐकू आली. अनवाणी. डावा पाय आपटत नव्हता. एक पाऊल टेकायचं आणि झटकन उचललं जायचं, मग दुसरं तसंच. तापल्या फरशीवर कोणी उभं राहावं आणि त्याला उभं राहवू नये, तसं. पावलं तिच्या अंथरुणापर्यंत आली आणि थांबली. केस जळल्याचा वास आला.

"अहो... ऐकलंत?"

"काय?" तो कुशीवर वळला. "झोप. काही नाही."

रोज पहाटे. पावलं वर यायची, तिच्याच बाजूला थांबायची. तो निवांत झोपलेला असायचा, आणि ती पडल्या पडल्या जिभेवर दात रोवून कण्हणं दाबायची. किती वेळा तिला वाटलं हात पुढे करावा. पण हाताला काय लागेल, या विचारानेच तो उचलला जाईना. माझ्याच हाताने... झाकण मीच दाबलं होतं. ती दिवसा शेगडी पेटवू देईना. भाकरतुकडा तिच्या घशाखाली उतरेना. आता नवराच तिला घास भरवायचा आणि डोळे पुसायचा.

"अगं, मी बघ कसा बरा झालो. तूही होशील. ती गेली गं, गेली आपली पोर."

"तिचे पाय पोळलेत हो."

"नाही पोळले. लाकूड होतं ते."

"तुम्हीच म्हणालात, तेव्हा नुसतं लाकूड होतं म्हणून. आणि मी जाळलं तेव्हा? तेव्हा काय होतं?"

तो तिच्या बहिणीला बोलावून घेतो म्हणाला, डॉक्टरांना विचारतो म्हणाला. ती हो म्हणाली. आणि दिवे मालवायच्या आधी तिने मोठं घमेलं हौदाच्या गार पाण्याने काठोकाठ भरून अंथरुणाशी आणून ठेवलं. तेवढंच आईच्या हातात उरलं होतं. "यात पाय बुडव हं, राणी," ती अंधाराकडे बघून म्हणाली. नवऱ्याने भिंतीकडे तोंड फिरवलं; त्याचे खांदे हलत होते.

पहाटे पावलं आली. थांबली. बराच वेळ काही हललं नाही. मग पाण्याचा हळूच आवाज झाला, आणि त्यापाठोपाठ कोणीतरी लांब, सुटका झाल्यासारखा श्वास सोडला. आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. कधी नव्हे ती शांत झोपली.

उन्हं आली तेव्हा नवरा उठला. बायको निजलीय, आवाज नको, म्हणून तो चवड्यांवर चालत आला आणि घमेलं उचलायला वाकला. काठ धरला आणि हात झटकन मागे घेतला. बोटं तोंडात घालून तो तिच्याकडे रागावून, कळवळून बघत राहिला.

"काय हे! पोळलो की मी. इतकं कढत पाणी उशाशी ठेवतात का कुणी?"

तिने डोळे उघडले. घमेल्यातून वाफ निघत होती. ती उठली, फडक्याने काठ धरून तिने ते पाणी मोरीत ओतलं, आणि गार पाणी आणायला हौदाकडे निघाली.