हरवलेला किलोमीटर

"अजून थोडी बाहेर ओढ. अजून. अरे थांब, माझा पाय!"

भोंगा ओरडला तेव्हा सायकलचं पुढचं चाक वर्कशॉपच्या दाराबाहेर आलं होतं आणि मागचं चाक अजून आतच, फोमच्या गठ्ठ्यांमध्ये रुतून बसलं होतं. भोंग्याचा आवाज तीन घरं पलीकडे पोचायचा, म्हणून त्याचं नाव भोंगा. त्याच्या पायाला तसं फारसं काही झालेलं नव्हतं.

"इथेच राहू दे," मुंगी म्हणाली. "आत जागाच नाही."

मुंगी ही भोंग्याची चुलत बहीण. बारा वर्षांची, चणीने बारीक आणि हाताला सतत काहीतरी चाळा. तिचे बाबा या अरुंद खोलीत गाड्यांच्या सीटा शिवत. तिथे माणूस आडवा उभा राहिला तर शिलाई मशीन गाठायला त्याच्या पाठीवरून जावं लागेल. त्यात ही सायकल! पुढचा दांडा हात पसरल्यासारखा लांब, हँडल कानापर्यंत वर, दोघांना पुरेल अशी लांबलचक सीट आणि सीटच्या मागे पाठीला टेकायला उंच दांडी. मागचं चाक मोठं आणि पुढचं लहान मुलाच्या सायकलचं. बाबा आणि काका, म्हणजे भोंग्याचे बाबा, शाळेत असताना दोन मोडक्या सायकली जोडून त्यांनी ती बनवली होती. जे चाक हाताला लागलं ते लावलं, असं बाबा सांगत.

तेव्हा सुट्टी लागली की दोघे भाऊ त्या सायकलवरून टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जायचे. पुढे काका शहरात बसचालक झाले. सुट्टीत घरी आले की ते अजूनही एकदा तरी टेकडी चढत. गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तेही थांबलं. यंदा आल्यापासून ते रोज सकाळी चहाचा कप घेऊन मागच्या दारात उभे राहत आणि टेकडीकडे बघत. मुंगीला ते बघवत नव्हतं. माळ्यावरची सायकल उतरवून तिला छोटी मोटर बसवायची कल्पना तिचीच.

कायद्याची बाजू वकिलाकडे होती. वकील म्हणजे शेजारची मुलगी. कॅरम खेळतानाही ती नियम काढून भांडायची.

"मोटर छोटीच हवी," ती बोटांवर मोजत सांगू लागली. "पायडल मारलं तरच चालली पाहिजे. ब्रेक दाबला की बंद. वेग पंचवीसला पोचला की मोटरने गप्प बसायचं. दोन ब्रेक, दिवा, घंटी. आणि चालवणार फक्त मोठी माणसं."

"म्हणजे आम्ही काय करायचं?" भोंगा वैतागला.

"तू घंटी वाजवायची. नाहीतरी तुझं तेच काम आहे."

आठवडाभर वर्कशॉपमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मागच्या चाकात मोटर बसली. चाकाचे फेरे मोजणारं लोहचुंबक तिथेच लागलं आणि हँडलवर मीटर आलं. वेग पंचवीसला पोचला की मोटर बंद करायचं काम त्या मीटरचं. बाबांनी सीटला नवं कापड शिवलं, पण बाजूची जुनी शिवण मात्र राहू दिली. ती त्यांच्या आईने घातलेली होती. मीटरला चाकाचं माप सांगायचं होतं, तेव्हा दोघे भाऊ टेप घेऊन दारात बसले आणि भांडायला लागले.

"कालव्यात पडलो तेव्हा हँडल तुझ्या हातात होतं," बाबा म्हणाले.

"काय सांगतोस दादा? मी मागे बसलो होतो. तुझ्या डोक्यावरून उडून पडलो की मी!"

मुलं पोट धरून हसली. तेवढ्यात माप घेऊन झालं आणि आकडा मीटरमध्ये गेलासुद्धा.

सरकारी तपासणी होऊन शिक्का मिळेपर्यंत फक्त कालव्याकाठच्या रिकाम्या रस्त्यावर सायकल चालवून बघायची मुभा होती. काका पुढे, मुलं आपापल्या सायकलींवर मागे. पुलापासून फाटकापर्यंत किलोमीटरचे रंगवलेले दगड होते. शेवटच्या दगडावर पाचचा आकडा होता. मुंगीने मीटर पाहिलं आणि तिचे डोळे बारीक झाले.

"काका, इथे चारसुद्धा झालेले नाहीत. एक किलोमीटर गेला कुठे?"

"दगड लावणाऱ्याने घाईत लावले असतील गं."

"पण शाळेची धावण्याची शर्यत याच दगडांवर होते. पाचच आहेत. माझ्या पोटऱ्यांना विचारा."

"मग कालवा वाकडा असेल," बाबा म्हणाले आणि टायर दाबून बघायला लागले. मोठ्या माणसांना उत्तर सापडलं नाही की ते टायर दाबून बघतात.

शनिवारी मैदानावर तपासणी होती. रविवारी काका परत जाणार होते. तपासनीस बाईंनी घंटी वाजवली, ब्रेक दाबले, दिवा लावून बघितला. मग काकांना मैदानाच्या कडेने एक फेरी मारायला सांगून त्यांनी हातातलं वेग मोजायचं यंत्र रोखलं.

"बत्तीस," त्या म्हणाल्या. "पंचवीसच्या वर मोटर चालली नाही पाहिजे. शिक्का मिळणार नाही."

"माझ्या मीटरवर पंचवीसच होता," काका म्हणाले. "वीस वर्षं बस चालवतोय, बाई."

"तुमचं यंत्र एकदा दाखवून घ्या कुणाला," बाबांनी पुस्ती जोडली.

बाईंनी शांतपणे यंत्र पुसलं. "मी संध्याकाळपर्यंत इथेच आहे. त्यानंतर थेट पुढच्या महिन्यात."

काकांनी सीटवरून हात फिरवला. जुन्या शिवणीपाशी तो जरासा थांबला. "राहू दे दादा. पोरांची सुट्टी मजेत गेली ना, झालं तर."

मुंगीला रडायला वेळ नव्हता, म्हणून ती भोंग्याला आणि वकिलाला घेऊन झाडाखाली गेली.

"मीटर वेगही कमी सांगतं आणि अंतरही कमी सांगतं," ती म्हणाली. "म्हणजे चोर एकच आहे."

"मीटरला काय कळतंय? ते बिचारं फेरे मोजतं," वकील म्हणाली. "एका फेऱ्यात किती अंतर जातं, ते आपणच त्याला सांगितलंय."

"सांगितलंय ना. दारात बसून मोजलं की!" भोंगा म्हणाला.

मुंगी एकदम उभी राहिली. "भोंग्या, दारात कुठलं चाक होतं?"

दारात होतं छोटं चाक. मोटर आणि चुंबक मोठ्या चाकात. साध्या सायकलला दोन्ही चाकं सारखीच असतात, त्यामुळे कुठलंही मोजलं तरी चालतं. या सायकलला मात्र नाही.

"पण हे पुन्हा वाद घालत बसतील," वकील कुजबुजली.

"घालू देत," मुंगी म्हणाली आणि भोंग्याच्या कानात काहीतरी बोलली.

भोंगा थेट चहाच्या टपरीपाशी बसलेल्या दोघा भावांकडे गेला. "बाबा, कालव्यात पडलात तेव्हा हँडल नक्की कुणाच्या हातात होतं?"

पुढचा अर्धा तास मोठ्यांची काळजी मिटली.

इकडे वकिलाने आधी तपासनीस बाईंना सगळं सांगितलं, कारण चोरून काही करणं तिच्या नियमात बसत नव्हतं. मुंगीच्या खिशात बाबांचा कापडावर खुणा करायचा खडू होता. तिने दोन्ही टायरांवर जमिनीपाशी रेघ मारली आणि सायकल ढकलली. छोट्या चाकाची रेघ भुर्रकन खाली आली. मोठ्या चाकाची बरीच पुढे जाऊन टेकली. बाईंनी स्वतः टेपचं एक टोक धरलं. वकिलाने नवा आकडा मीटरमध्ये घातला.

काकांनी पुन्हा फेरी मारली. यंत्रावर आणि मीटरवर पंचवीस आले आणि मोटर शहाण्यासारखी गप्प बसली.

"शिक्का देते," बाई म्हणाल्या. "आणि पुढच्या वेळी मोजायचं काम या तिघांकडे द्या."

बाबांनी मान खाजवली. "माझं यंत्राबद्दलचं बोलणं मागे घेतो."

त्याच संध्याकाळी टेकडी. काका पुढे, बाकीचे आपल्या सायकलींवर. चढ सुरू झाला तशी मोटर गुणगुणू लागली. काका एका हाताने दाखवत होते, इथे चिंचा पाडायचो, इथे चेन तुटली होती. शेवटचं वळण मात्र उभं होतं. कायद्यात बसणारी छोटी मोटर तिथे धापा टाकायला लागली. सायकल डगमगली. काकांनी गुडघ्याकडे बघितलं आणि उतरण्यासाठी पाय काढला.

"उतरू नकोस!"

बाबांनी आपली सायकल गवतात टाकली होती. त्यांनी सीटमागची उंच दांडी धरली आणि ढकलत धावायला लागले. त्यांचा हात त्या दांडीवर इतका सहज बसला की मुंगीला कळलं, हे ते आज पहिल्यांदा करत नाहीत. मग मुलंही धावली. भोंग्याने मागून घंटीचं काम तोंडाने केलं.

टाकीपाशी पोचल्यावर सगळे गवतात बसले. खाली कालवा दिसत होता, पूल दिसत होता आणि वर्कशॉपचं उघडं दार.

"दर वेळी याच वळणावर ढकलायचास," काका म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत. "मला वाटलं होतं, ते आता संपलं."

त्यांनी मुंगीला जवळ ओढलं. "तुम्ही पोरांनी मला इथवर आणलंत."

"शेवटचं वळण सोडून," वकील म्हणाली.

"ते वळण माझं आहे," बाबा धापा टाकत म्हणाले. "तिथे मोटर नको."