भरतीचे दोन तास

शर्लिनला डहाणू गाठायचं होतं, तेही नुसत्या शिडावर. वसईच्या पाचूबंदरहून निघायचं आणि दुसऱ्या दिवशी परत यायचं. तिच्या काकाने, आलोशियसने, अट घातली होती: जमलं तर होडी तिची आणि शीड कायम. नाही जमलं, तर सोमवारी हरेश मिस्त्री येऊन होडीत इंजिन बसवणार. चाळीस वर्षं ट्रॉलर चालवलेल्या काकाला वाऱ्यावर विसंबणं म्हणजे पोरखेळ वाटायचा. शर्लिनला मात्र इंजिनाची धडधड ऐकली की होडीला दमा लागल्यासारखं वाटायचं.

पण मोहीम समुद्रावर जाण्याआधीच दुकानांत अडकली! होडीवर एक लहानशी बॅटरी होती. तळातलं पाणी उपसणारा पंप, वायरलेस आणि जीपीएस, सगळं तिच्यावर. जीपीएसमध्ये काकाने वाटेत मच्छीमारांनी समुद्रात रोवलेले डोल जाळ्यांचे खांब एकेक करून नोंदवले होते. इंजिन नाही, म्हणजे बॅटरी चालता चालता भरणार नाही, चार्जर हवा. वीज होती फक्त जेटीवर, बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीवर, आणि होडी तिथे टेकायची भरतीच्या दोन तासांपुरती. पाणी उतरलं की ती लांब चिखलात.

"दोन तासांत भरली पायजे. नायतर कामाची नाय," काकाने ठरवून टाकलं.

मग दीड महिना शर्लिनने वसई-विरार पालथं घातलं. विरारच्या दुकानदाराने घरातला इन्व्हर्टरच गळ्यात मारायला बघितला. उमेळ्याच्या दुकानात "होडीला कसला चार्जर?" म्हणून हसले. बोळिंजच्या एका म्हाताऱ्याने तेवढं विचारलं, "बॅटरी केवढी आहे?" आणि तळहाताएवढा तीन अँपियरचा चार्जर समोर ठेवला. "रात्रभर लावा. हळू भरली की टिकते."

"रातभर?" काका खेकसला. "तवर होडी चिखलात बसंल!"

शेवटी सातिवलीतून ट्रकच्या बॅटऱ्या भरतात तसलं वीस अँपियरचं धूड आलं. शर्लिनला ते पटलं नव्हतं. पण आणखी एक दुकान बघायची तिच्यात ताकद उरली नव्हती.

शनिवारी पहाटे भरतीला चार्जर लावला. तो गुरगुरायला लागला. थोड्या वेळाने सडक्या अंड्यांसारखा वास सुटला.

"काका, वास येतोय."

"खाडीचा हाय."

दोन तासांत हिरवा दिवा लागला. दोघं निघाले.

मतलई वारा शिडात भरला आणि होडी सुटली! उजव्या हाताला वसईचा किनारा मागे सरकत होता, धुक्यातून ताडांचे शेंडे तेवढे वर दिसत होते, आणि तासाभरात शर्लिन दुकानं, वायरी, अँपियर सगळं विसरून गेली. कितीतरी दिवसांनी तिला हसू आलं.

अर्नाळ्याच्या समोर धुकं दाटलं. जीपीएस लुकलुकला आणि विझला. वायरलेस मुका. पंपाने दोन उचक्या दिल्या आणि तोही थांबला! शर्लिनने बॅटरीला हात लावला. ती तापली होती, दोन्ही बाजूंनी फुगली होती.

"शिजवली तिला तुमच्या चार्जरनं!" ती ओरडली. "मोबाइलच्या नकाशावर समुद्र नुसता निळा दिसतोय. खांब कुठेत?"

काका बांबू घेऊन पुढे उभा राहिला. पाण्याला ओढ होती, आणि ती ओढ खांबांकडेच नेत होती. शर्लिन सुकाणू धरून कान देत होती. चुळुक. चुळुक. खांबावर पाणी आपटतंय! डावीकडे!

"वळव!" काका ओरडला.

तिने सुकाणू दाबलं. धुक्यातून मांडीएवढा खांब बाहेर आला. काकाने बांबू रोवला. होडी घासून गेली. दुसरा खांब! तोही चुकला! आणि तेवढ्यात मागून हिसका बसला. जाळ्याचा दोर सुकाणूत अडकला होता. होडी आडवी झाली, कडेवरून पाणी आत आलं. सुरी शर्लिनच्या हाताशी होती.

"दुसऱ्याच्या जाल्याला सुरी नाय लावायची!"

"माहितीये!" ती किंचाळली. तिने शीड उतरवलं, मागे लोंबकळली आणि पायाने दोर खाली दाबू लागली. एकदा. दोनदा. पाय सोलवटला. तिसऱ्यांदा दोर सुटला!

नऊच्या सुमारास धुकं विरलं. पुढे स्वच्छ ऊन होतं, हवा तसा वारा होता. आत घोट्याच्या वर पाणी होतं आणि साठी उलटलेला काका डब्याने ते उपसत होता. दीड महिना वाया, डहाणू वाया, शीडही गेलं! संतापाने तिला रडू फुटलं. रडत रडतच तिने होडी माघारी वळवली.

पाचूबंदरला पोचले तेव्हा ओहोटी होती. होडी चिखलात टेकली. शर्लिनने पाना घेतला आणि ती मेलेली बॅटरी सोडवली. तिला ती आधी उकिरड्यावर फेकायची होती. उचलली, आणि तशीच थबकली.

"काका, ही एका हातात मावतेय."

काकाने बॅटरी घेतली. या हातात, त्या हातात. जेमतेम आठ किलो! ट्रॉलरची बॅटरी दोन माणसांशिवाय हलत नाही, बोटीतच भरते आणि बाहेर निघते ती भंगारातच. त्यामुळे बॅटरी उचलून घरी न्यावी, फ्रिजशेजारच्या बोर्डावर रात्रभर लावावी, हे काकाच काय, आख्ख्या पाचूबंदरात कुणाला सुचलं नव्हतं. घर होतं दोनशे पावलांवर.

"दीड महिना!" शर्लिन म्हणाली. तिला हसावं की काकाला चिखलात ढकलावं ते कळेना. "शीड कुठं चुकलं ते सांगा. एकदा तरी चुकलं का?"

काकाने पायांचा चिखल धुतला. मग त्याने फोन काढला.

"हरेश, सोमवारी येऊ नको. पोरीनं आज मला डोले झाकून खांबांतून बाहेर काडला. आता इंजिन घेऊन मी काय करू?"