आतल्या खोलीतलं घोरणं

यात पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही. पटलं तर बघा.

नडियाद. आमचं घर. गेल्या उत्तरायणाची, म्हणजे आपल्या संक्रांतीची दुपार. गच्चीवर भोंगे, पतंग, "काप्यो छे!"चा दंगा...

माझ्या नणंदेचे, तरूचे यजमान विरलकुमार पाण्याच्या टाकीवरून पडले. कानशील कठड्यावर आपटलं. क्षणभर डोळे मिटले...

मग उठून हसायलाच लागले.

"पतंग वाचला भाभी, मीच कापला गेलो!"

खाली येऊन त्यांनी उंधियू-जिलेबीवर ताव मारला. डोकं जरा जड आहे म्हणाले, एवढंच.

तेवढ्यात आतल्या खोलीतून घोरणं ऐकू आलं...

जड. ओलं. घशात अडकणारं.

मी डोकावले. गादी रिकामी. उशीला खळगा... आणि आवाज तिथूनच येत होता.

मी मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवते. असलं घोरणं झोपेचं नसतं.

कानशिलाचं हाड फार पातळ. आत मेंदूचं जाड आवरण, अन् दोघांच्या मधून रक्तवाहिनी. हाडाला चीर गेली की ती फाटते. माणूस हसतो, जेवतो, अन् आत रक्त साचत मेंदूला दाबत राहतं. मग तो झोपतो. घोरतो.

उठत नाही.

"बा, कुमारांना दवाखान्यात नेते."

"सणाच्या दिवशी जमाईला दवाखाना? वेड लागलंय का तुला?" सासूबाई कडाडल्या. "कुमार, तुम्ही आत जाऊन पडा बघू."

ते उठलेही. मी दारात आडवी उभी राहिले.

"या खोलीत जायचं नाही!"

"भाभी, माझीपण परीक्षा घेणार की काय?" ते हसले... आणि उंबऱ्यावरच भडभडून ओकले.

मग बांनीच गाडीची किल्ली आणून माझ्या हातात दिली.

गाडीत त्यांची शुद्ध गेली. घोरणं सुरू झालं.

तेच...

डॉक्टरांनी कवटी उघडून रक्त काढलं. विरलकुमार वाचले.

संध्याकाळी तरू माझ्या गळ्यात पडून रडली. मग हळूच म्हणाली, "भाभी, घोरणं मलाही ऐकू आलं होतं."

मी तिला हाताला धरून बाजूला घेतलं.

"पण ते एकाचं नव्हतं, भाभी... आत दोघं घोरत होती."

दुसरं कोण, ते अजून कळलेलं नाही.

घरात कुणी घोरलं की मी गदागदा हलवून उठवते. बा चिडतात, तोंडाला येईल ते बोलतात. बोलतायत म्हणजे बऱ्या आहेत, असं मी मनाला समजावते.

पण त्या दुपारी विरलकुमारही बोलतच होते...