तिसऱ्या जागेचा डोंगा

आमच्या नवेगाव बांधच्या जुन्या दगडी घाटावर तीनच नावा लागतात. घाट जपायचा म्हणून गावाने समिती नेमली आणि समितीने नियम केला: पंच्याहत्तर सालाआधी तलावात असलेल्या नावेलाच इथे जागा. तशी नाव नसेल, तर जागा पर्यटकांच्या बोटीला. आता डोंग्याला कुठला आला जन्मदाखला? म्हणून जुन्या माणसांची साक्ष घ्यायचं ठरलं. मी गजेंद्र, निवृत्त शिक्षक. माझा शब्द गावात चालतो.

दोन जागा ठरल्या. तिसरीसाठी बकाराम ढिवर उभा राहिला. त्याचा डोंगा अख्खं खोड कोरून त्याच्या बापाने केलेला.

"मी कागद कोठून आनू?" तो म्हणाला. "गुरुजींले विचारा. एकाहत्तरात बुडून राहिले होते. माह्या बानं याच डोंग्यात ओढून घेतलं."

खरं होतं. नऊ वर्षांचा होतो मी, तिसरीत. पण माझ्या लोकेंद्रने नुकतीच पर्यटकांसाठी बोट घेतली होती आणि पोराला तीच जागा हवी होती.

"हा डोंगा तेव्हा नव्हता," मी म्हणालो.

बकारामने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ज्याच्या बापाने मला वाचवलं, त्याचाच मी केसाने गळा कापला. लाज वाटली. तरी साक्षीवर सही केली, आणि जागा लोकेंद्रच्या बोटीला मिळाली.

उन्हात लाकूड तडकू नये म्हणून ढिवर मासेमार दगड भरून डोंगा पाण्यात बुडवून ठेवतात. बकारामने तो भर श्रावणात बुडवला.

त्याच आठवड्यात माझी उशी ओली लागायला लागली. शिडी लावून पाहिलं, छप्पर कोरडं होतं. मग फरशीवर पावलं उमटली.

"ओले पाय घेऊन काऊन फिरून राहिले घरात?" बायको, ओमेश्वरी, करवादली.

मी तळवे दाखवले. कोरडे होते. फरशीवरची पावलं माझ्या पावलांच्या निम्मी होती.

पुढे खोकला लागला. छाती साफ आहे, डॉक्टर म्हणाले. खोकल्यातून पाणी येई, त्याला शेवाळाचा वास.

एके दुपारी ओमेश्वरीने एकच ताट वाढलं. मी बोललो, तिने मान वर केली नाही. लोकेंद्रला हाक मारली. त्याच्या खोलीत धानाची पोती होती.

घाटावर गेलो. तिसरी जागा रिकामी होती, लोकेंद्रची बोट कुठेच नव्हती.

बकाराम पायरीवर बसला होता, हातात पळसाच्या पानांचा दोना, त्यात भात. मी त्याला तीनदा हाक मारली.

"आबा, हे कोनासाठी?" शेजारी बसलेल्या त्याच्या नातीने, गुंजनने, विचारलं.

त्याने दोना पाण्यात सोडला.

"गजेंद्र नावाचा पोरगा होता, तिसरीतला. माह्या बाच्या डोळ्यांसमोर बुडला. तवा आमच्यापाशी डोंगा नोहता."