नऊ एप्रिलची बोट

“ही तारीख बदला!”

बडोद्याच्या अलकापुरीतून स्कूटरवर जाता जाता बोर्ड दिसला, ‘बेटावर चला, ९ एप्रिल’... आणि मोहना पेंडसे हेल्मेट काखेत मारून थेट त्या ट्रॅव्हल ऑफिसात शिरली होती. टेबलामागचा तरुण चक्रावला.

“बेन, तमे कोण?”

“मराठीत बोला, बोर्डावर अनय दळवी लिहिलंय. मी समुद्रावर पीएचडी करतेय.”

“बडोद्यात? समुद्रावर?”

हे तिने घरीदारी इतक्यांदा ऐकलं होतं, की आताशा राग यायचाही कंटाळा आला होता. आज मात्र राग आला.

“लक्षद्वीपचं पाणी यंदा एल निनोने तापलंय. त्यात महिना-दोन महिन्यांनी हिंदी महासागरावरून ढगांची एक मोठी फेरी पूर्वेकडे सरकते. ती नऊला तुमच्या बेटावर असेल. वारा, पाऊस, बोटी बंद! ती गेली की पाणी गार आणि संथ. अठराला जा.”

“मांजलपूरचे बेचाळीस आजी-आजोबा आहेत. माझी पहिलीच टूर. तुम्ही चुकलात तर?”

“तर...” ती अडखळली. “तर माझी तीन वर्षं फुकट गेली.”

अनय उठला. मग बाहेर जाऊन त्याने नवावर कागद चिकटवला आणि अठरा लिहिलं. आजवर मोहनाचं गणित कुणी इतकं मनावर घेतलं नव्हतं.

मग ती रोज येऊ लागली — नकाशे दाखवायला. नकाशा पाच मिनिटांत संपे, सेव-उसळीला तास लागे.

“ढग कुठे पोचले?”

“आफ्रिकेच्या अलीकडे.”

“आणि तुम्ही?”

“उसळ फार तिखट आहे,” ती म्हणाली आणि त्याच्याच ग्लासातलं पाणी प्यायली.

नऊ तारीख उजाडली, आणि बेटावर लख्ख ऊन! मांजलपूरहून फोनवर फोन. “भाई, त्यां तो मस्त तडको छे!”

तोंड दाखवायची लाज वाटत होती, तरी मोहना गेली. “चुकले मी. सगळ्यांना माझं नाव सांगा.”

“तारीख मी बदलली, असं सांगितलंय.” त्याने खुर्ची पुढे केली. “बसा. दिवस अजून संपला नाही.”

तिला रडूच फुटलं. ढग येवोत न येवोत, हा माणूस आपल्याला हवाय, हे तिला तेव्हा लख्ख कळलं.

साडेचारला बेटावरच्या बोटवाल्याचा फोन आला. आभाळ भरून आलंय, वारा सुटलाय, सगळ्या बोटी बंद! अनय खुर्चीवर चढून ओरडला, आणि मोहना रडता रडता हसत सुटली.

एकोणिसाला दुपारी ती विद्यापीठाच्या वाचनालयात होती, तेव्हा त्याचा व्हिडिओ कॉल आला. कमरेएवढ्या संथ पाण्यात सगळे आजी-आजोबा उभे होते.

“पाणी गार झालंय, मोहना! तापलेल्या पाण्याने फिकटलेली प्रवाळं आता तगतील, असं बोटवाला म्हणतोय. आणि... बेचाळीस माणसं ऐकतायत, तरी विचारतो. लग्न करशील माझ्याशी?”

“हो!” मोहना उभी राहून ओरडली, “हो, हो, हो!” सारं वाचनालय वळून बघू लागलं, आणि तिकडे बेचाळीस म्हाताऱ्यांनी समुद्रातच गरबा धरला.